एकवीस मेडल

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



आवडत्या खेळाडूविषयी बोला, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आलं. मी कविता लिहिणारा माणूस. शाळेत अकरावा गडी कमी पडला की मला घ्यायचे आणि पार सीमेवर, बाभळीच्या झाडाजवळ उभं करायचे. त्यातून ज्या खेळाडूविषयी मला बोलायचं आहे, त्याला खेळताना मी पाहिलेलंच नाही. तो शेवटची कसोटी खेळला मार्च १९६८ मध्ये आणि माझा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. तरीही आमच्या घरात त्याचं नाव एखाद्या लांबच्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतलं जायचं. बापू नाडकर्णी. पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी.

हे नाव घरात आणलं अब्बांनी. अब्बा टेलर होते. तेव्हाच्या उस्मानाबादेत, जुन्या वस्तीतल्या एका बोळात त्यांचं छोटंसं दुकान होतं. पायाचं एक मशीन, कापड बेतायला एक लाकडी टेबल, बस्स. शेजारी चहाचं हॉटेल. हॉटेलात व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ होता आणि मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे तो रेडिओ जितका हॉटेलचा तितकाच दुकानाचाही.

१२ जानेवारी १९६४, रविवार. संक्रांत दोन दिवसांवर, रमजान चार दिवसांवर. टेलरला मान वर करायला फुरसत नसते असे ते दिवस. मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या कसोटीचा तिसरा दिवस चालू होता. समालोचन इंग्रजीत. अब्बांचं शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. पण खेळाडूंची नावं त्यांना कळायची आणि बोलणाऱ्याच्या आवाजातला चढउतारही कळायचा. त्या दिवशी आवाज काही चढेचना. पुन्हा पुन्हा दोनच शब्द, ‘नो रन’. षटक संपलं की आणखी एक शब्द यायचा, तो अब्बांनी ऐकला ‘मेडल’. हॉटेलातली सगळी मंडळीही मेडलच म्हणायची. अब्बांची समजूत अशी झाली, की ज्या षटकात गोलंदाज एकही धाव देत नाही, त्या षटकाचं त्याला एक मेडल मिळतं.

शिवून झालेले कपडे मोजायला ते टेबलाच्या कडेला खडूच्या रेघा मारत. तशी त्यांनी दर मेडलला एक रेघ मारायला सुरुवात केली. पाचवी रेघ आडवी. मध्ये नमाजाला जाऊन आले, तेवढ्यात काही निसटली असावीत. रात्री घरी आले ते अम्मीला सांगतच आले, “सत्रा मेडल! एक रन बी नै दिया.” अम्मीचं लग्न होऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. ती म्हणाली, एवढी मेडल तो ठेवणार कुठे?

खरं तर ती षटकं सतरा नव्हती, एकवीस होती. ओळीनं एकवीस निर्धाव षटकं. इंग्लंडच्या त्या डावात बापूंनी एकूण ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, धावा ५, बळी एकही नाही. चार हप्त्यांमध्ये त्यांनी ही गोलंदाजी केली. पहिल्या हप्त्यात ३ षटकं आणि शून्य धावा. दुसऱ्यात ७ षटकं, २ धावा. तिसऱ्यात १९ षटकं आणि १ धाव. चौथ्यात ३ षटकं, २ धावा. दोन धावांच्या मध्ये १३१ चेंडू कोरे गेले. चेंडूंच्याच हिशेबानं पाहिलं तर दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफिल्ड थोडे पुढे आहेत. १९५७ साली डर्बनला त्यांनी १३७ चेंडू कोरे टाकले होते. पण तेव्हा तिकडे षटक आठ चेंडूंचं असे. लागोपाठ निर्धाव षटकांचा विक्रम बापूंचाच, आणि तो मोडण्याच्या आसपासही पुढे कुणी आलेलं नाही.

जाता जाता एक सांगतो. आयपीएलमध्ये २०२३ पासून बाद फेरीच्या सामन्यांत प्रत्येक कोऱ्या चेंडूमागे ५०० रोपं लावण्याची योजना सुरू झाली. मी कागदावर गुणाकार केला. बापूंच्या त्या १३१ चेंडूंची झाडं होतात ६५,५००. ती आमच्या भूम-परांड्याच्या माळावर लावली असती तर या भागाचा पाऊस थोडा तरी सुधारला असता.

आता हे जमत कसं होतं? बापू डावखुरे फिरकी गोलंदाज. चेंडू फार उंच उडवायचा नाही, फार वळवायचाही नाही. टप्पा आणि दिशा, एवढंच. टप्पा असा, की फलंदाजाला पुढं जावं तर चेंडू हाती लागत नाही आणि मागं सरावं तर उशीर होतो. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर एक नाणं ठेवत आणि त्या नाण्यावर चेंडू टाकत राहत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ती वाचली तेव्हा मी दुकानामागच्या मोकळ्या जागेत दहा पैशांचं नाणं ठेवून बघितलं. तासाभरात एकदाही लागलं नाही. नाणं मात्र कुणीतरी उचलून नेलं.

अब्बांना हे नाण्याचं फार पटलं होतं. कापड बेतताना त्यांची कात्री अशीच चालायची. गिऱ्हाईक अडीच मीटर कापड आणायचं, अब्बा त्यातून शर्ट काढून वर लहान मुलाच्या बंडीपुरता तुकडा परत करायचे. चिंधीसुद्धा ठेवून घ्यायचे नाहीत. १९७२ च्या दुष्काळात नवं कापड कोण शिवणार? तेव्हा त्यांनी झिजलेल्या कॉलरी उलटून द्यायचं काम केलं. कॉलर उसवायची, आतली बाजू वर घ्यायची आणि पुन्हा टीप मारायची. शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. ते वर्ष आमच्या घरानं त्या उलट्या कॉलरींवर काढलं, असं अम्मी सांगते.

बापूंचा जन्म ४ एप्रिल १९३३ चा, नाशिकचा. पुणे विद्यापीठाकडून खेळले आणि १९५१-५२ च्या हंगामात महाराष्ट्राकडून रणजी सामन्यांत आले. बलाढ्य मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी पहिलं शतक काढलं. त्यात शेवटच्या जोडीला सदाशिव पाटील यांच्याबरोबर १०३ धावांची भागी होती. अकरावा गडी समोर असताना शंभर धावा जोडायच्या म्हणजे काय, हे ज्यांनी घर चालवलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १९५५ च्या डिसेंबरात विनू मांकड विश्रांतीवर होते म्हणून दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध बापूंना कसोटी मिळाली. नाबाद ६८ धावा काढल्या, सत्तावन्न षटकं टाकली, बळी एकही नाही. पुढच्या सामन्यात मांकड परत आले आणि बापू बाहेर. पुढे १९६० च्या सुमारास ते मुंबईकडून खेळू लागले. नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. सिमेंट कंपनीनं आपल्या संघासाठी माणूस अगदी बघून निवडला, असं मला नेहमी वाटतं.

या माणसाची एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तीच त्याच्यावर अन्याय करते. बापू म्हटलं की कंजूष, कवडीचुंबक, धाव न देणारा. जणू दुसरं काही त्याला येतच नव्हतं. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत त्यांच्या ८,८८० धावा आहेत, सरासरी चाळीसच्या वर. दिल्लीविरुद्ध एकदा नाबाद २८३. बळी बरोबर ५००. कसोटी ४१, धावा १,४१४, बळी ८८, आणि षटकामागे दिलेल्या धावा पावणेदोनाहून कमी. मद्रासलाच, त्याच वर्षी ऑक्टोबरात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एका डावात पाच आणि दुसऱ्यात सहा, असे सामन्यात अकरा बळी घेतले. ते कुणाच्या लक्षात आहेत? बळी न घेतलेला दिवस अजरामर झाला आणि अकरा घेतले ते पुस्तकात राहिले. कवीचंही असंच होतं. चांगली कविता पडून राहते आणि सत्कारात घाईनं म्हटलेल्या चार ओळी लोक चाळीस वर्षं ऐकवत बसतात.

अर्थात त्या जानेवारीतल्या दिवसाला दुसरी बाजूही आहे. इंग्लंडच्या संघातले बरेच खेळाडू पोटाच्या दुखण्यानं बेजार होते. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. दोघेही चिवट, दोघांनाही घाई नाही. त्यांना धावा हव्याच नव्हत्या, उभं राहायचं होतं. म्हणजे न देणारा एक आणि न मागणारे दोन, असा तो सौदा. सामना अनिर्णित राहिला. ती पाचही सामन्यांची मालिका अनिर्णित राहिली आणि कंटाळवाणी म्हणून तिच्यावर टीकाही झाली. मी ती टीका खोटी म्हणणार नाही. तिकीट काढून मद्रासच्या उन्हात बसलेल्या माणसाला एकविसाव्या निर्धाव षटकाला टाळी वाजवायचं सुचलं असेल का, याची मला शंकाच आहे.

पण त्याच डावात दुसऱ्या टोकाकडून चंदू बोर्डे यांनी पाच बळी घेतले, हे सहसा कुणी सांगत नाही. एका बाजूनं दार बंद झालं की माणूस दुसऱ्या दाराकडे धावतो. बोर्डे आणि नाडकर्णी दोघेही महाराष्ट्राच्या संघात एकत्र खेळलेले. एकानं दार लावून धरायचं आणि दुसऱ्यानं दारात उभं राहायचं. धावफलकावर बळी दुसऱ्याच्याच नावावर लागतात.

आमच्या जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. बोरी नदीला भिंत घालून तिच्या पोटात पाणीमहाल बांधलेला. पावसाळ्यात भिंतीवरून नर-मादी धबधबे कोसळू लागले की गाड्यांच्या रांगा लागतात. लोक पाणी सांडताना बघायला येतात. बाकीचे महिने भिंत पाणी धरून असते, तेव्हा तिथे आम्ही चार-दोन कवी आणि बकऱ्या. मला बापू आठवतात ते त्या कोरड्या महिन्यांत.

मराठी शब्दाविषयीही सांगायला हवं. इंग्रजीत अशा षटकाला मेडन म्हणतात, म्हणजे कुमारिका. आपल्याकडे ‘निर्धाव’ म्हणतात. निर्धन, निर्जन, निर्जल असे शब्द आपल्याकडे उणिवेचे. पण निर्मळ, निर्भय, निर्गुणही याच घरातले. ज्यात धाव नाही ते निर्धाव. मला तो शब्द इंग्रजी शब्दापेक्षा सरस वाटतो. अब्बांना मात्र शेवटपर्यंत मेडलच बरं वाटायचं. मी कॉलेजात गेल्यावर त्यांना खरा अर्थ सांगितला. ते म्हणाले, “मेडल नै मिलता क्या? फिर क्या मिलता?” मी म्हणालो, काही नाही. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, “अच्छा.”

त्याच मालिकेत, फेब्रुवारीत, कानपूरची कसोटी झाली. इंग्लंडनं साडेपाचशेवर धावा केल्या. भारतावर फॉलोऑनची पाळी आली. पहिल्या डावात बापू नाबाद ५२. दुसऱ्या डावात त्यांना वर, तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं, तर नाबाद १२२. कसोटीतलं त्यांचं हे एकमेव शतक. दोन्ही डावांत कुणालाही बाद झाले नाहीत आणि सामना वाचला. ईद त्याच सुमारास होती. शिलाईचं काम संपलेलं, त्यामुळे हा सामना अब्बांनी मशीन बंद ठेवून ऐकला.

दोन वर्षं आधीची एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. १९६२ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर बार्बाडोसला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त दिलं ते प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी, पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनीही. एक पारशी माणूस जगला तो कुणाकुणाच्या रक्तावर, बघा. एकेका धावेसाठी हात आखडणारा हा माणूस तिथे बाही वर करून बसला होता.

१९६८ मध्ये पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतानं परदेशातली पहिली मालिका जिंकली, न्यूझीलंडमध्ये, ३-१ अशी. वेलिंग्टनच्या कसोटीत बापूंनी एका डावात ४३ धावांत सहा बळी घेतले. त्यांच्या कसोटी आयुष्यातली ही सर्वांत चांगली कामगिरी. पुढची ऑकलंडची कसोटी शेवटची ठरली. वय पस्तिशीचं, हाती नुकताच मिळालेला विजय, आणि ते थांबले. नंतर निवड समितीवर होते, मुंबई क्रिकेट संघटनेचं काम पाहिलं, भारतीय संघाबरोबर सहायक व्यवस्थापक म्हणून दौऱ्यांवर गेले. खेळाडूंना धीर देताना ‘छोडो मत’ हे शब्द त्यांच्या तोंडी असत, अशी आठवण सुनील गावसकर यांनी सांगितली आहे.

आता मला जे सांगायचं होतं आणि टाळत होतो, ते सांगतो. १९९० साली मी बी. ए. झालो. नोकरी नव्हती. सोलापूरच्या एका मित्रानं गणवेश शिवायचा कारखाना काढायचं ठरवलं आणि मला भागीदारी देऊ केली. त्यासाठी आमचं घर गहाण ठेवावं लागणार होतं. अब्बा नाही म्हणाले. मी आठवडाभर मागे लागलो, ते नाहीच म्हणाले. शेवटी मी चिडून बोललो, “तुम्ही आयुष्यभर नुसत्या मेडन टाकल्यात. विकेट एक नाही.” मेडन. मुद्दाम खरा शब्द वापरला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रन किते दिये?” मग चप्पल घालून दुकानात गेले.

तुम्हाला वाटेल, मित्राचा कारखाना बुडाला असणार. नाही बुडाला. आजही चालतो, आता त्याची मुलं बघतात. त्या वर्षी घर गहाण ठेवलं असतं तर कदाचित माझंही बरं चाललं असतं. मी पुढे एका कचेरीत कारकुनी केली, कविता केल्या. अब्बांचं दुकान तयार कपड्यांपुढं हळूहळू मिटत गेलं. त्यांचं चुकलं की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही.

२००६ मध्ये अब्बा गेले. आमच्याकडे जनाज्याच्या नमाजाआधी वारसानं उभं राहून सांगायचं असतं, की मयताकडून कुणाचं काही येणं असेल तर त्यानं माझ्याकडे मागावं. मी उभा राहिलो, आवाज फुटत नव्हता, पण सांगितलं. मैदानात शांतता. कुणी हात वर केला नाही. त्यानंतरही दारात देणं मागायला कुणी आलं नाही. चाळीसाव्याच्या आधी एक म्हातारी बाई तेवढी आली. तिच्या नातवाच्या पायजम्याच्या शिलाईचे अकरा रुपये तिच्याकडेच राहिले होते. ते तिनं अम्मीच्या हातावर ठेवले.

२०२० च्या जानेवारीत, १० ते १२ तारखांना, आमच्या गावात ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. गावाला एवढी गर्दी पेलते की नाही, अशी आम्हाला धास्ती होती. शेवटच्या दिवशी कविकट्ट्यावर मीही एक कविता वाचली. समोर वीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी पुढच्या नंबराची. त्या दिवशीची तारीख १२ जानेवारी आहे आणि मद्रासच्या त्या दिवसाला छप्पन्न वर्षं झाली आहेत, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ते आलं पाच दिवसांनी. १७ जानेवारीला बापू नाडकर्णी मुंबईत वारले, वय ८६. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता आणि खाली तेच आकडे, ३२, २७, ५, ०.

अम्मी पलंगावर बसून तस्बीह ओढत होती. तिला आता कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं सांगितलं, “अम्मी, बापू नाडकर्णी गुजर गए.”

“कौन?”

“वो मेडलवाले.”

तिचं बोट एका मण्यावर थांबलं. “सत्रा मेडलवाला?”

“सत्रा नै अम्मी, इक्कीस.”

“तेरे अब्बा सत्रा गिने थे,” ती म्हणाली आणि पुढचा मणी ओढला.